विश्रांती एकतीस मिनिटं

१

गेली सहा वर्षं दर मंगळवारी सकाळी दहा वाजता मी मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर शर्ट काढून पलंगावर आडवा होतो आणि बारा मुलंमुली आळीपाळीने माझ्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवतात. माझ्या हृदयाची एक झडप गळते. औषधाच्या दोन गोळ्यांवर ती निमूट गळत राहते, आणि शिकवायला म्हणे अशी झडप शोधून सापडत नाही.

मी तिथे गेलो होतो भांडायला. रोग्यांना न विचारता त्यांच्यावर विद्यार्थी सोडतात, अशी तक्रार होती. मी आमच्या वर्तमानपत्रात चार दिवस सलग लिहिलं. पाचव्या दिवशी तिथल्या प्राध्यापक मॅडमनी मला बोलावलं, माझी छाती ऐकली आणि म्हणाल्या, "लिहिलंत ते बरोबर आहे. आता नियम तुम्हीच घाला. आणि नियम घालून झाले की छाती द्या."

मी नियम घातले. प्रत्येकाने आधी विचारायचं. आपण कोण ते सांगायचं. स्टेथोस्कोपची चकती हातावर चोळून गरम करायची. माझ्यादेखत मला 'ही केस' म्हणायचं नाही. माझ्या पाठीमागे मला 'गळकी झडप' म्हणतात हे मला ठाऊक आहे. ते चालेल, ते खरं आहे.

मॅडमची शिकवण्याची तऱ्हा वेगळी. ऐकणाऱ्याने एका हाताने चकती धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटाने पलंगाच्या लोखंडी कडेवर ठोका वाजवायचा, जसा ऐकू येईल तसा. ठक, ठक. बाकीच्यांनी ते बोट बघायचं. "बोटावरून मला तुझे कान दिसतात," असं त्या म्हणत. आणि पहिलंच वाक्य, दरवर्षी, नव्या प्रत्येक तुकडीला: "आवाज कोणालाही ऐकू येतात. तुम्ही मधली जागा ऐका. पहिल्या आणि दुसऱ्या आवाजात लहान जागा. दुसऱ्यानंतर मोठी जागा. त्या मोठ्या जागेत हृदय विश्रांती घेतं."

मला तासभर छताकडे बघण्यापलीकडे काम नसे, म्हणून मी बोटांकडे बघायचो. त्यामुळे ते माझ्या लक्षात आलं. दर मंगळवारी दोघं चुकायचे. कधी एकच, कधी तिघं, पण बहुधा दोघं. बोट छान ठक ठक करत असायचं आणि मधेच एक जादा ठोका पडायचा. जादा आणि जड. बोट कडेवर दाबलं जायचं आणि क्षणभर उचललंच जायचं नाही.

मॅडम तिकडे न बघता म्हणायच्या, "तुझं स्वतःचं ऐकलंस. पुढचा."

बाकी प्रत्येक चूक त्या दहा मिनिटं फोडून सांगत. ही एकच चूक त्यांनी कधी समजावली नाही. चाळीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला हे सहा वर्षं खुपलं नाही, याची मला आता लाज वाटते.

२

माझी भाची ठकी त्याच कॉलेजात शिकते. माझी बहीण, म्हणजे तिची आई, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ठकी माझ्याकडे आहे. आईच्या आजारपणात तिचं एक वर्ष बुडालं. दुसरं बुडालं तर जागाच जाते, असा तिथला नियम. त्या नियमाविरुद्धही मी लिहिलेलं आहे. काही झालं नाही.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली, पाठीवरची पिशवी न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मामा, प्रॅक्टिकलला उडाले."

"कशात?"

"छातीत."

"सहा वर्षं मी माझी छाती फुकट देतोय आणि तू छातीत उडतेस?"

ती हसली नाही. तिने पेपराची प्रत पुढे केली. सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. कुठली झडप, कुठे ऐकू येतं, कशामुळे. आणि शेवटी एक ओळ: 'दहा एकेचाळीसला एक जादा आवाज ऐकला. रोग्याच्या नाडीशी त्याचा संबंध नव्हता.' त्या ओळीभोवती लाल गोल आणि बाजूला भोपळा.

"नऊ दिवसांनी पुन्हा परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार. मॅडम म्हणाल्या, ही ओळ चुकून लिहिली असं लेखी दे, मग बसू देते."

"मग दे की लिहून!"

"मी ऐकलं, मामा."

"स्वतःचंच ऐकलं असशील."

"मीही तेच म्हटलं असतं. पण तो ऐकू आला तेव्हा मी रोग्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शेजारच्या पलंगावर दुसरा मुलगा दुसऱ्या रोग्याला तपासत होता. त्याचं बोट त्याच क्षणी दाबलं गेलं." ती थांबली. "तूच म्हणतोस ना, दोन ठिकाणांहून कळलं की लिहायचं. आणि लिहिलेलं कुणाच्या सांगण्यावरून खोडायचं नाही."

माझ्याच घरात माझंच वाक्य माझ्यावर उलटलं. मी चहा ठेवायला उठलो.

३

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेलो. दार वाजवलं नाही.

"ही दडपशाही आहे. ऐकलं ते लिहिलं म्हणून तुम्ही मुलीला नापास करता?"

"बसा. तुमची झडप."

"माझी झडप माझी आहे. उत्तर द्या."

त्या स्टेथोस्कोपची चकती पदराने पुसत होत्या. "आपण शिकवतो काय? मानेवरची नाडी धरा. नाडीबरोबर येतो तो पहिला आवाज. नाडीशी ज्याचा संबंध नाही, तो हृदयाचा आवाज नाही."

"मग कशाचा आहे?"

चकती स्वच्छ होती. त्या तरीही पुसत राहिल्या.

"तिला सांगा, खोड म्हणावं. हुशार आहे. एका ओळीसाठी आयुष्य फेकू नये."

खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. ती रागावतात किंवा गोड बोलतात. मॅडमनी यातलं काहीच केलं नाही. त्या थकल्यासारख्या दिसल्या, आणि त्यामुळे माझा संताप आणखी वाढला. मला वाटलं, इमारतीत काहीतरी यंत्र हादरतं, ते ह्यांना माहीत आहे आणि दुरुस्त करायचं नाही म्हणून मुलीचा बळी चाललाय. अशा बातम्या मी डझनांनी केल्या होत्या.

४

तळघरातला मिस्त्री मला ओळखत होता. गळक्या छपराच्या बातमीत मी त्याचं वाक्य छापलं होतं.

"साहेब, पंप म्हणाल तर तो सकाळी सातला बंद होतो. लिफ्ट म्हणाल तर ती बंदच असते. प्राणवायूचा कॉम्प्रेसर मागच्या इमारतीत. हादरायला इथे शिल्लक काय? मी आणि माझा गुडघा."

"रविवारी वीज बंद ठेवता ना, दुरुस्तीला?"

"नऊ ते बारा. पंखासुद्धा नाही. या, घाम गाळायला."

रविवारी आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत होतो. इमारत अशी गप्प होती की नळाचा थेंब दोन खोल्या पलीकडून ऐकू येत होता. ठकीने आधी भिंतीला चकती लावली, मग फरशीला, मग शिकवायच्या रबरी पुतळ्याला. काही नाही. मग ती मिस्त्रीकडे वळली.

"काका, शर्ट काढता का?"

"मला काय झालंय?"

"काही नाही. फक्त बसा."

"काही नाही म्हणणारे डॉक्टरच जास्त भीती घालतात," म्हणत तो बसला. ठकीने मोबाइल मांडीवर ठेवला, चकती टेकवली आणि बोट पलंगाच्या कडेवर. ठक ठक. ठक ठक. सतरा मिनिटं ती तशीच बसली. मिस्त्री पेंगायला लागला. मग बोट दाबलं गेलं.

तिने फक्त वेळ लिहिली. पुन्हा बसली. एकोणीस मिनिटांनी पुन्हा. नंतर एकतीस. मग पुन्हा एकोणीस. बारा वाजता वीज आली, पंखा करकरत फिरायला लागला, आणि तिने मला वही दाखवली. त्यात आदल्या चार दिवसांच्या वेळाही होत्या, घरी स्वतःच्या छातीवर घेतलेल्या.

"एकोणीस, एकतीस. एकोणीस, एकतीस. कधीच चुकत नाही."

"मग? यंत्रच असं चालतं. ठरावीक."

"मामा, सहा वर्षं तू त्या पलंगावर पडतोस. मॅडमचं पहिलं वाक्य कुठलं?"

मी ते म्हणायला तोंड उघडलं आणि निम्म्यावर थांबलो. लहान जागा. मोठी जागा.

मिस्त्री शर्टाची बटणं लावत म्हणाला, "पण माझं बरं आहे ना, ताई?"

"तुमचं अगदी बरं आहे, काका," ती म्हणाली.

५

माझा विश्वास बसला नव्हता, हे मी आजही ठासून सांगतो. मी ठकीला म्हटलं, एकाच इमारतीत एकाच मुलीने घेतलेली नोंद ही बातमी होत नाही. सोमवारी ती कॉलेजात राहिली आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या जुन्या कचेरीतल्या वाचनालयात गेलो. मधे नदी, रेल्वेचे रूळ आणि तासाभराचा रस्ता. सोबत तिचा जुना स्टेथोस्कोप. ती मला वेळ सांगणार नव्हती. मी मला कळेल ती वेळ लिहायची आणि नंतर कागद जुळवायचे.

दुपारचे साडेतीन वाजले होते. वाचनालयात कोणी येत नाही. बांधलेल्या जुन्या अंकांचे गठ्ठे छतापर्यंत. मी शर्टाची वरची बटणं सोडली, नळ्या कानात घातल्या, चकती ठकीने पेनाने खूण केलेल्या जागेवर ठेवली. मला माझी झडप ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदा. लब, मग फुस्स, मग डब. फाटक्या भात्यासारखी. सहा वर्षं लोक ज्याचं कौतुक करत होते ते हे. मला थोडा रागच आला.

मग मी वाट बघत बसलो. मनात म्हटलं, वाट बघणाऱ्याला काहीही ऐकू येतं. मी अशा लोकांच्या मुलाखती घेतल्या आहेत, त्यांची टिंगल केली आहे. पंधरा मिनिटं गेली. वीस. मी गठ्ठ्यांवरची वर्षं वाचत होतो. एकीकडे झडप फुसफुसत होती.

आणि मग तो आला.

आवाज म्हणावा तर तो मोठा नव्हता. बाकीचं सगळं क्षणभर बाजूला सरकलं आणि त्याला जागा करून दिली, असं काहीसं. आपण जन्मभर ज्या घरात राहिलो त्याला खाली आणखी एक मजला आहे, आणि तिथलं एक दार कुणीतरी अगदी हळू, अगदी पूर्ण लावलं. माझ्या छातीत ते दार लागलं. माझी झडप त्याच्यापुढे कागदासारखी फडफडली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

मी घाबरलो का? मी ते स्वतःला नंतर खूपदा विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. लहानपणी धरणाची भिंत पहिल्यांदा खालून पाहिली होती, तेव्हा मी टोपी काढली होती. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी चष्मा काढला.

कागदावर मी लिहिलं: तीन बावन्न.

संध्याकाळी ठकीने तिचा कागद उलगडला. तीन बावन्न. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग ती म्हणाली, "मामा, एक विचारू? इतक्या सावकाश चालायचं तर ते हृदय केवढं असेल?"

मी तिला गप्प बस म्हणालो. असं मी तिला कधी म्हणत नाही.

६

परीक्षेच्या आदल्या सकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. पायऱ्या चढून दम लागला होता. ठकीने पाणी दिलं. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि टेबलावर तिची वही उघडी होती ती त्यांनी न विचारता वाचली.

"एकतीस?" त्या म्हणाल्या. "नक्की?"

"नक्की, मॅडम. मी सत्तरेक नोंदी घेतल्यात."

मॅडमनी वही मिटली. "मी तिसऱ्या वर्षाला होते. माझ्या सरांनी मला सांगितलं, खोड. मी खोडलं. म्हणून मी डॉक्टर आहे." त्यांनी आमच्याकडे न बघता ग्लास सरळ केला. "खोडलं तरी मोजलं होतं. लहान जागा चोवीस मिनिटं. मोठी सत्तर."

ठकीच्या हातातलं पेन टेबलावर पडलं.

मला समजलं नाही, म्हणून मी विचारलं. माझं कामच ते. "म्हणजे तेव्हा तुमचं मोजायला चुकलं?"

"नाही, मामा," ठकी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हृदयाचा वेग वाढतो तेव्हा लहान जागा थोडीशीच कमी होते. विश्रांती खूप कमी होते. पुस्तकात आहे."

"आणि वेग कधी वाढतो?"

दोघीही डॉक्टरसारख्या वागल्या. कुणी उत्तर दिलं नाही.

जाताना मॅडम दारात थांबल्या. "मी बत्तीस वर्षं मुलांना खोडायला लावलं. मला वाटायचं, मी त्यांना वाचवतेय." मग ठकीला म्हणाल्या, "उद्या परीक्षेला बस, पुढे तुला काय करायचं ते कर. माझ्यासाठी काही करू नकोस."

"मॅडम, मी खोडणार नाही," ठकी म्हणाली. "जागा गेली तर गेली."

ती जागा तिच्या आईने शेवटच्या आजारात अर्ज भरून घेतलेली. मी रात्रभर त्याचाच विचार केला.

७

मी योजना केली. त्याची लाज वाटत नाही. पुनर्परीक्षेला रोगी म्हणून मला ठेवावं असं मॅडमना सांगितलं आणि ठकीने सकाळी स्वतःच्या छातीवरून वेळा मोजून काढल्या. अकरा बेचाळीसला दुसरा आवाज यायचा होता. परीक्षक माणूस तिरसट, चार मिनिटांत निकाल लावणारा, असं ऐकलं होतं. मला फक्त त्यांचे कान अकरा बेचाळीसपर्यंत माझ्या छातीवर ठेवायचे होते.

ते आले. उंच, पांढऱ्या भुवयांचे. ठकीने विचारून, चकती चोळून मला तपासलं, न अडखळता सगळं सांगितलं. परीक्षकांनी आधीचा पेपर समोर धरला.

"हे ठीक. ही शेवटची ओळ चुकून लिहिली, असं लिहा आणि जा."

"चुकून लिहिली नाही, सर."

"मग मला तुम्हाला नापास करावं लागेल. तुमची जागा जाईल. माहीत आहे?"

"हो, सर."

अकरा छत्तीस. मी उठून बसलो. "एक मिनिट. तुम्ही माझी छाती स्वतः ऐकली का? न ऐकता निकाल? हा कुठला नियम?"

"आजोबा, पडून राहा."

"आजोबा तुमच्या घरी! माझ्या छातीवर तिची परीक्षा होतेय. ऐका आधी. नीट ऐका. डाव्या कुशीवरही ऐका. घाई असेल तर तसं लिहून द्या, मी छापतो."

"मामा, पुरे," ठकी पुटपुटली. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या.

परीक्षकांनी सुस्कारा टाकला, नळ्या कानात घातल्या आणि वाकले. चकती थंड होती. मी तक्रार केली नाही. त्यांचं बोट नकळत पलंगाच्या कडेवर गेलं. तेही कधीतरी असंच शिकले असणार. ठक ठक. ठक ठक. मी श्वास आत घेतला, बाहेर सोडला, कूस बदलली, खोकलो, पुन्हा सरळ झालो. अकरा चाळीस. एकेचाळीस. ते कानातल्या नळ्या काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, "अजून काखेत राहिलं." डॉक्टर माणूस अशा ठिकाणी अडतोच. ते काखेकडे सरकले.

बोट दाबलं गेलं.

ते उचललंच गेलं नाही. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि त्यावरचा तिरसटपणा पाण्याने धुतल्यासारखा निघून गेला. पांढऱ्या भुवयांखाली एक लहान मूल बघत होतं.

खूप वेळाने त्यांनी विचारलं, मला नाही, ठकीला. "हा पहिला की दुसरा?"

"दुसरा, सर."

"नाडी धरल्याशिवाय पहिला-दुसरा ठरवू नये, असं आम्ही शिकवतो." ते इकडेतिकडे बघत होते, भिंतीकडे, फरशीकडे. "याची नाडी कुठे धरणार?"

"अंतरावरून ठरवलं, सर. लहान जागा एकोणीस मिनिटं. विश्रांती एकतीस."

त्यांनी पेपर गुडघ्यावर घेतला. लाल गोलावर काट मारली, गुण लिहिले, आणि ठकीच्या ओळीखाली आपल्या हाताने लिहिलं: 'मीही ऐकला.' खाली सही. ठकीने तोंडावर हात ठेवला. जिंकलो होतो. माझ्या आयुष्यातलं एवढं स्वच्छ भांडण दुसरं नाही. मी शर्टाकडे हात नेला.

"पडून राहा," परीक्षक म्हणाले. आता आजोबा म्हणाले नाहीत. "पुढचा कधी?"

"बारा तेरा, सर."

ते स्टूल ओढून बसले. बाहेर पुढचे विद्यार्थी थांबले होते. कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं आणि आमचे चेहरे बघून तिथेच उभं राहिलं. मग आणखी दोघं आत आले. ठकीने आपला स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीला लावला. ते बघून बाकीच्यांनीही लावले, का ते न विचारता. मॅडम खिडकीपासून हलल्या, माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि इतक्या वर्षांनी आपल्या छातीवर चकती ठेवली. खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती.

बारा वाजले. पाच. आठ.

बारा दहाला सगळ्यांची बोटं एकदम दाबली गेली. पलंगावर, टेबलावर, खिडकीच्या चौकटीवर, पुस्तकांवर. एकच ठोका.

"तीन मिनिटं आधी," ठकी म्हणाली. "सर, सत्तर नोंदींत एकदाही..."

"मोजायला चूक नाही तुझी," मॅडम म्हणाल्या. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तिथे जे दिसलं ते मी कुठल्याही देवळात पाहिलेलं नाही. "कुणीतरी ऐकतंय हे कळलं की वाढतोच वेग. प्रत्येक रोग्याचा वाढतो."

परीक्षकांनी चकती पुन्हा माझ्या छातीवर ठेवली, अगदी अलगद, झोपलेल्याला जाग येऊ नये तशी. "श्वास रोखा," ते कुजबुजले.

मला एकट्याला सांगितलं होतं. खोलीतल्या सगळ्यांनीच रोखला.